"भाऊ, हा मेसेज खरा आहे का जी?" : औषधाच्या काउंटरवर वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपूरच्या मेडिकल चौकापासून हाकेच्या अंतरावर माझं औषधाचं छोटं दुकान आहे. साथ कोणतीही असो, तिची खबर आमच्या काउंटरवर लवकर येते, आणि हल्ली ती मोबाइलच्या पडद्यावर येते. गिऱ्हाईक फोन पुढे करून विचारतं, "भाऊ, हे खरं आहे का जी?" २०२० पासून असे प्रश्न मी एका जुन्या हिशेबाच्या वहीत लिहून ठेवत आलो. पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न इथे उत्तरांसह देतो आहे. मी फार्मासिस्ट आहे, डॉक्टर नाही. त्यामुळे तुमच्या दुखण्यावरचा इलाज इथे मिळणार नाही.

साथ आली की अफवांना एवढा ऊत का येतो?

भीती आज वाटते आणि पक्की माहिती महिन्या-दोन महिन्यांनी हाती येते. मधल्या काळात माणूस सापडेल ते धरून बसतो. नागपुरात कोरोनाचा पहिला रुग्ण ११ मार्च २०२० ला सापडला. हा विषाणू नेमका कसा पसरतो, यावर तेव्हा मोठमोठ्या शास्त्रज्ञांचं एकमत नव्हतं. माझ्या फोनवर मात्र सगळी उत्तरं तयार होती. विषाणू बाराच तास जगतो, म्हणून चौदा तासांच्या जनता कर्फ्यूत तो संपेल. घसा ओला ठेवा, म्हणजे तो पोटात जाऊन मरेल. थाळ्या वाजवल्याच्या कंपनांनी त्याचा नाश होईल. "मला माहीत नाही" असं लिहिलेला एकही फॉरवर्ड मी आजवर पाहिलेला नाही.

सगळा दोष मोबाइलवर टाकता येत नाही. १८९७ च्या आसपास प्लेग आला तेव्हा दवाखान्यात नेलेल्या माणसाच्या देहातून 'मोमियाई' नावाचं औषध काढतात, अशी बोलवा मुंबई-पुण्याकडे होती. लोक आजारी माणूस माळ्यावर, कोठीत लपवून ठेवत. गोरे शिपाई घरात घुसून झडत्या घेत होते. अशा सरकारच्या दवाखान्याबद्दल लोकांनी वाईटच ऐकायचं ठरवलं, यात नवल काय? अफवा कुठे रुजते हे पाहायचं असेल, तर तिथल्या लोकांचा कोणावर भरवसा उरला नाही ते आधी पाहावं. १९९४ ला सुरतेत प्लेगची बातमी फुटली आणि दुकानांमधून टेट्रासायक्लिन हे प्रतिजैविक गायब झालं. फेब्रुवारी २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमुखांनी या प्रकारासाठी एक शब्द जगभर पोचवला: 'इन्फोडेमिक'. मराठीत माहितीची साथ म्हणू या. नाव नवं आहे, दुखणं जुनंच.

खोटे मेसेज कोणीतरी मुद्दाम बनवतं का?

काही बनतात. ज्याला चूर्ण विकायचं आहे तो बनवतो, ज्याला एखाद्या समाजावर राग काढायचा आहे तोही बनवतो. पण माझ्या काउंटरवर आलेले बहुतेक मेसेज आत्याने, शाळेतल्या मित्राने, सोसायटीच्या सेक्रेटरीने काळजीपोटी पाठवलेले होते. त्यामुळेच त्यांच्यापुढे आपलं डोकं चालेनासं होतं. अनोळखी माणसाला आपण शंभर प्रश्न विचारू, आत्याला कोण विचारणार?

आणि कधी कधी कोणाचाच खोटेपणा नसतो. ३० मे २०२४ ला नागपूरचं तापमान ५६ अंश झाल्याची बातमी देशभर फिरली. आकडा हवामान खात्याच्याच स्वयंचलित केंद्राचा होता, पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या इथल्या शेतातल्या. सोनेगावच्या केंद्राने ५४ दाखवलं. बाकीची केंद्रं मात्र ४४ च्या आसपास होती. पुढे खात्याने सांगितलं की सेन्सर बिघडला होता. नागपूरचा आजवरचा उच्चांक ४७.९ अंशांचा, तो २३ मे २०१३ चा. पण ५६ चा आकडा ज्यांनी पाहिला त्यांतल्या किती जणांनी खुलासा वाचला असेल? आमच्याकडे पुढच्या आठवड्यातही लोक "छप्पन डिग्रीले काय घ्यायचं?" असं विचारत होते.

नागपूरच्या उन्हात विषाणू टिकत नाही, हे तरी खरं ना?

मार्च २०२० मध्ये या समजुतीने आम्हाला फार धीर दिला होता. युनिसेफच्या नावाने एक मेसेज फिरत होता: विषाणू २६-२७ अंशांना मरतो, उन्हात बसा, आइस्क्रीम खाऊ नका. युनिसेफने तो आपला नसल्याचं जाहीर केलं. मनात यायचं, सव्वीस-सत्तावीस तर आपल्याकडे पहाटे असतं, आपल्याला काय होणार!

एप्रिल २०२१ ने उत्तर दिलं. पारा चाळिशीत होता आणि जिल्ह्यात एका दिवसात सात हजारांवर नवे रुग्ण सापडत होते. मेयो आणि मेडिकल या सरकारी रुग्णालयांत खाट मिळत नव्हती. साधी गोष्ट आम्ही विसरलो होतो. बाहेर पारा कितीही चढो, आपल्या शरीराचं तापमान ३७ अंशांच्या आसपासच राहतं आणि विषाणू तिथे मुक्कामाला असतो. शिवाय भर उन्हाळ्यात नागपूरकर बाहेर असतो का? दारं-खिडक्या लावून, कूलरसमोर, सगळं घर एका खोलीत.

कापूर, ओवा, लवंगांची पोटली हुंगली की ऑक्सिजन वाढतो का?

नाही. कापराच्या वासाने नाकाला गार वाटतं आणि श्वास मोकळा झाल्याचा भास होतो, पण रक्तातला ऑक्सिजन वाढत नाही. २००९ च्या स्वाइन फ्लूतही लोक रुमालात निलगिरी आणि कापूर बांधून फिरायचे. तेव्हा निदान आकडा दाखवणारं यंत्र कोणाच्या घरी नव्हतं. २०२१ ला ऑक्सिमीटर घरोघरी आलं. पोटली हुंगताना चार खोल श्वास घेतले की आकडा एखाद-दुसऱ्या अंकाने हलायचा आणि श्रेय पोटलीला जायचं.

इथे माझी एक चूक सांगतो. त्या एप्रिलमध्ये मी कापराचे डबे काउंटरवर पुढे मांडले होते. मागणी होती, मी विकत होतो. एक जण ८८ चा आकडा घेऊन दिवसभर पोटली हुंगत घरी बसला आणि रात्री त्याचा मुलगा ऑक्सिजन सिलिंडरसाठी धावत आला, तेव्हा मी डबे आत ठेवले. पोटलीतून विष चढत नाही, तिच्यापायी वेळ जातो. लहान बाळाच्या बाबतीत तेवढंही म्हणता येत नाही. कापूर पोटात गेला तर झटके येऊ शकतात. तान्ह्या बाळाच्या नाकाशी किंवा अंगाला तो लावूच नये.

खिशात कांदा ठेवला की ऊन लागत नाही का?

विदर्भात हा प्रश्न विचारणं म्हणजे आजीचा अपमान. माझी आजीही ठेवायची. कांदा खिशात ठेवून काही बिघडत नाही, फक्त त्याच्या भरवशावर दुपारी एकला शेतात जाऊ नये. तो अंगातली उष्णता ओढून घेत नाही. कच्चा कांदा आणि कैरीचं पन्हं पोटात गेलं तर पाणी आणि मीठ मिळतं, एवढा त्याचा उपयोग.

उष्माघातात शरीराचं तापमान ४० अंशांच्या वर जातं आणि माणूस बरळायला लागतो, चक्कर येऊन पडतो. अशा वेळी सावलीत न्या, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि १०८ ला फोन करा. शुद्ध हरपलेल्या माणसाच्या तोंडात पाणी ओतू नका, ते फुप्फुसात जाऊ शकतं.

जाता जाता ओआरएसचं सांगतो, कारण खोटी माहिती फक्त फोनवर असते असं नाही, ती डब्यावरही छापलेली असते. खऱ्या ओआरएसच्या पुडीत एक लिटर पाण्यासाठी २०.५ ग्रॅम पावडर असते, तिच्यात ग्लुकोज १३.५ ग्रॅम. नावात 'ओआरएस' असलेली गोड पेयं कित्येक वर्षं कागदी डब्यांतून विकली गेली. त्यांतली साखर जुलाब झालेल्या मुलाचे जुलाब वाढवू शकते. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये अशा पेयांना ते नाव वापरायला बंदी घातली. तोवर मीही ते डबे विकले आहेत.

डेंग्यूत पपईच्या पानांचा रस, बकरीचं दूध, किवी यांनी प्लेटलेट वाढतात का?

सप्टेंबर उजाडला की हा प्रश्न रोज येतो. त्या दिवसांत बकरीच्या दुधाचा भाव गगनाला भिडतो आणि किवी विकणाऱ्याची दिवाळी आधीच होते. डेंग्यूत प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठायला मदत करणाऱ्या पेशी, आधी घसरतात आणि आजार उतरताना आपोआप वर येतात. ज्या दिवशी तुम्ही किवी खाल्ली त्याच्या दुसऱ्या दिवशी त्या वाढणारच होत्या. पपईच्या पानांवर काही छोटे अभ्यास झाले आहेत, पण त्याने जीव वाचतो असं दाखवणारा भक्कम पुरावा नाही. कडू रसाने मुलाला उलट्या झाल्या तर अंगातलं पाणी कमी होतं, ते वेगळंच.

प्लेटलेटच्या आकड्याकडे डोळे लावून बसण्यात खरा धोका नजरेतून सुटतो. ताप उतरायला लागतो, घरचे सुटकेचा श्वास टाकतात आणि नेमकं तेव्हा, साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसात, रक्तवाहिन्यांतून द्रव झिरपून रक्तदाब कोसळू शकतो. पोटात सतत दुखणं, थांबत नाहीत अशा उलट्या, हिरड्यांतून रक्त, मूल सुस्त पडणं, यांतलं एकही दिसलं तर आकडा कितीही असो, दवाखाना गाठा. अंग दुखतं म्हणून आयबुप्रोफेन किंवा अ‍ॅस्पिरिन मागू नका. त्याने रक्तस्राव वाढू शकतो.

आणि डास गटारातच होतात हा समज सोडून द्या. डेंग्यूचा एडिस डास स्वच्छ साचलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि दिवसा चावतो. जुलैत बंद केलेल्या कूलरच्या टाकीत तळाशी दोन बोटं पाणी उरलेलं असतं, तेवढं त्याला पुष्कळ. अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एक दिवस टाकी घासून कोरडी करायची. पण "कूलर घासा" असा मेसेज कोणी फॉरवर्ड करत नाही.

कांद्यावरची काळी बुरशी म्हणजेच तो डोळे काढायला लावणारा आजार?

मे २०२१ चा हा मेसेज: कांद्याच्या सालीखालचं काळं आणि फ्रिजच्या रबरावरचं काळं म्हणजे म्युकरमायकोसिस. लोकांनी कांद्याची पोती फेकली. कांद्यावरची काळी बुरशी वेगळ्या जातीची, तिचा या आजाराशी संबंध नाही. म्युकर एकाकडून दुसऱ्याला होत नाही. तो झाला मुख्यतः साखर हाताबाहेर गेलेल्या आणि स्टेरॉइड जास्त किंवा अवेळी घेतलेल्या लोकांना.

या गोष्टीची मुळंही अर्धवट माहितीत आहेत. जून २०२० मध्ये इंग्लंडमधल्या मोठ्या चाचणीत दिसलं की डेक्सामेथासोन या स्टेरॉइडने ऑक्सिजनवरच्या आणि व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू घटतात. ज्यांना ऑक्सिजन लागत नव्हता, त्यांना फायदा दिसला नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर पहिलं वाक्य आलं, दुसरं गळून पडलं. मग साधा ताप असलेली माणसं चिठ्ठीच्या फोटोवरून, तीही शेजाऱ्याच्या चिठ्ठीवरून, त्या गोळ्यांचा काही रुपयांचा पत्ता मागायला यायची. मी नाही म्हटलं की पुढच्या दुकानात जायची.

बर्ड फ्लूच्या बातम्या आल्या की चिकन बंद करायचं का?

फेब्रुवारी-मार्च २०२० मध्ये चिकनने कोरोना होतो या अफवेने विदर्भातले पोल्ट्रीवाले धुऊन निघाले. कोंबड्या मातीमोल भावाने गेल्या. त्यात तथ्य नव्हतं.

पण "सगळ्या बातम्या अफवाच" असंही नाही. डिसेंबर २०२४ मध्ये इथेच गोरेवाड्याच्या बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या दगावले आणि तपासणीत एच५एन१, म्हणजे बर्ड फ्लूचा विषाणू, निघाला. बातमी खरी होती. तिच्यावरून काढलेला अर्थ, म्हणजे शिजवलेलं चिकन खाऊन मरू, तो खोटा. ७० अंशांना नीट शिजलं की हा विषाणू मरतो आणि आपला सावजी रस्सा त्याच्या फार पुढे उकळतो. आजारी किंवा मेलेल्या पक्ष्याला हात लावू नये, कच्चं मांस चिरलेली सुरी-पाटी धुवावी, एवढं पाळलं की झालं.

लसीने वंध्यत्व येतं, अंगाला चमचे चिकटतात, असं ऐकलं...

चमच्याचा किस्सा जून २०२१ चा, आपल्या नाशिकचा. लस घेतल्यावर अंगाला नाणी-चमचे चिकटतात असा एका ज्येष्ठ नागरिकाचा व्हिडिओ आला आणि आठवडाभर महाराष्ट्र उघडा होऊन छातीला चमचे लावत होता. लसीचा डोस अर्धा मिलिलिटर, त्यात चुंबकाला चिकटणारा धातू नाही. घामाने आणि त्वचेच्या तेलाने ओलसर अंगाला हलकी सपाट वस्तू चिकटते. अंगाला पावडर लावून बघा, चमचा खाली पडतो.

वंध्यत्वाची अफवा जास्त चिवट आहे. ती पोलिओच्या वेळी उत्तर प्रदेशात होती, नोव्हेंबर २०१८ मध्ये महाराष्ट्रात गोवर-रुबेला मोहीम निघाली तेव्हा काही शाळांत पालकांनी त्याच भीतीने मुलांना घरी ठेवलं, कोरोनाच्या लसीला तीच जोडली गेली. लस बदलते, अफवा तीच राहते, यावरूनच काय ते ओळखा. पोलिओचा देशातला शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ ला सापडला. ज्या मुलांना डोस देताना ही भीती घातली गेली, त्यांतल्या कितीतरी जणांची लेकरं आज डोस घ्यायला रांगेत आहेत.

मेळघाटात कोरोनाच्या लसीला नकार मिळत होता, तेव्हा तिथल्या प्रशासनाने कोरकू भाषेत समजावलं. मराठीतलं पत्रक तिथे परकंच होतं. हे मला शहरातही पटतं. इंग्रजी परिपत्रकाचा फोटो दाखवून कोणाचीही शंका मिटत नाही.

मग कफ सिरपचा तो मेसेजही अफवाच होता का?

नाही, आणि या प्रश्नामुळेच मी ही वही तुमच्यापुढे उघडली. सप्टेंबर २०२५ मध्ये छिंदवाड्याच्या परासिया भागातली लहान मुलं नागपूरच्या रुग्णालयांत यायला लागली. साधा सर्दी-ताप, मग लघवी बंद, मग किडनी निकामी. शंभरावर किलोमीटरवरून आईबाप पोरांना घेऊन येत होते. आधी पाण्यावर संशय गेला, मग उंदरांवर, मग एखाद्या नव्या विषाणूवर. ग्रुपवर "नवा मेंदूज्वर आला, शाळा बंद करा" असं सुरू झालं. २ ऑक्टोबरला तामिळनाडूच्या औषध विभागाचा तपासणी अहवाल आला: कोल्ड्रिफ सिरप, बॅच एसआर-१३, त्यात ४८.६ टक्के डायएथिलिन ग्लायकॉल हे विषारी रसायन. चालणारी मर्यादा ०.१ टक्के. वीसहून अधिक मुलं गेली.

ज्या संध्याकाळी बाटलीचा फोटो ग्रुपवर आला, त्या वेळी तो इतर शंभर फॉरवर्डसारखाच दिसत होता. लाल अक्षरं, उद्गारचिन्हं, "सर्वांना पाठवा". माझ्या हाताखालच्या पोराने तो वाचून दाखवला आणि मी सवयीने म्हणालो, "सोड रे, रोजचंच आहे." दहा मिनिटांनी मला बॅच नंबर खटकला. अफवांमध्ये बॅच नंबर नसतो. मी औषध प्रशासनाची सूचना शोधली, ती होती. ते सिरप माझ्याकडे नव्हतं, पण एका गिऱ्हाइकाच्या घरी मध्य प्रदेशातून आणलेली बाटली निघाली. फोन करून ती बाजूला ठेवायला लावली.

दुसऱ्या दिवसापासून उलटा पूर आला. त्या फोटोखाली वाटेल त्या सिरपांची नावं जोडून यादी फिरायला लागली, दम्याचं रोजचं औषधसुद्धा त्यात. जागतिक आरोग्य संघटनेने १३ ऑक्टोबरला जो इशारा दिला त्यात तीन सिरप होती. केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने त्याआधीच सांगितलं होतं की दोन वर्षांखालच्या मुलांना सर्दी-खोकल्याची औषधं देऊ नयेत आणि पाच वर्षांखाली सहसा टाळावीत. हे ग्लायकॉल प्रकरणही नवं नाही. १९८६ मध्ये मुंबईच्या जेजे रुग्णालयात भेसळीच्या ग्लिसरीनने १४ रुग्ण दगावले होते.

खरा इशारा आणि अफवा यांत फरक कसा ओळखायचा?

मी काउंटरवर पाहतो ते सांगतो. खऱ्या इशाऱ्यात नेमकेपणा असतो: कोणतं औषध, कोणती बॅच, कोणत्या तारखेचा अहवाल, कोणत्या खात्याचा. तो सहसा रुक्ष असतो. अफवेत तारीख नसते, म्हणून ती दर वर्षी नवी वाटते. तिच्यात "आजच", "काल रात्री", "एका मोठ्या डॉक्टरांनी" असतं. सगळ्यांना पाठवायची विनवणी असते आणि "टीव्हीवाले हे दाखवणार नाहीत" ही खास ओळ असते.

मेसेजवर दुहेरी बाण असेल तर तो अनेक हातांतून आला आहे. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारे समजून पाच भटक्या माणसांना जमावाने ठेचून मारलं. त्या महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करण्याची मर्यादा घातली आणि एप्रिल २०२० मध्ये फार फिरलेल्या मेसेजला एकाच ठिकाणाची. म्हणजे तो दुहेरी बाणाचा मेसेज तुम्हाला कोणीतरी वेगळा निवडून पाठवला आहे. त्याला विचारता येतं, "तुला कोणाकडून आला?"

आवाजाच्या क्लिपवर आणि आता व्हिडिओवरही भरवसा ठेवू नका. नामांकित डॉक्टरांचे चेहरे लावून मधुमेहाची चूर्णं विकणारे बनावट व्हिडिओ रोज दिसतात. एवढं करूनही कळलं नाही तर १०४ ही सरकारी आरोग्य सल्ल्याची लाइन आहे, तिथे विचारा. किंवा रात्रभर थांबा. खरी सूचना सकाळच्या पेपरात आलेली असते.

पण सरकार आणि डॉक्टरही सारखं मत बदलत होते. त्यांच्यावर तरी विश्वास का ठेवायचा?

रास्त तक्रार आहे. आधी मास्क सगळ्यांना नको म्हणाले, मग सक्तीचा केला. बऱ्या झालेल्या रुग्णांच्या रक्तातल्या प्लाझ्मासाठी लोकांनी गावोगाव दाते शोधले आणि मे २०२१ मध्ये आयसीएमआरने, म्हणजे देशाच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने, तो उपचार यादीतून काढला. रेमडेसिविर या विषाणूविरोधी इंजेक्शनचं तर विचारूच नका. नोव्हेंबर २०२० मध्येच जागतिक आरोग्य संघटनेने दवाखान्यातल्या रुग्णांना ते देऊ नये असं सुचवलं होतं, तरी एप्रिलमध्ये इथे एकेका कुपीसाठी माणसं रडत होती, काळाबाजार होत होता, आणि उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाला स्वतःहून दखल घेऊन शहराला दहा हजार कुप्या द्या असा आदेश काढावा लागला. पुढे २०२२ मध्ये संघटनेने सौम्य आजार असलेल्या पण जोखमीच्या रुग्णांसाठी त्याला मान्यता दिली. म्हणजे औषध वाईट नव्हतं, वेळ आणि रुग्ण निवडण्याचा प्रश्न होता.

पुरावा वाढला की मत बदलणं ठीकच. चूक झाली ती सांगण्यात. "आज आम्हाला एवढंच कळलं आहे, उद्या बदलू शकतं" असं एखाद्या अधिकाऱ्याने माइकवर म्हटलं असतं तर लोकांनी ते समजून घेतलं असतं, असं मला वाटतं. कांद्याचे भाव रोज बदलतात ते समजतंच की लोकांना.

एखाद्या वस्तीमुळे, समाजामुळे रोग पसरला असे मेसेज आले तर?

पुढे पाठवू नका. २०२० मध्ये मोमिनपुरा, सतरंजीपुरा ही नावं शिवीसारखी घेतली गेली. फळांना थुंकी लावणाऱ्या विक्रेत्याचा जो व्हिडिओ एप्रिलमध्ये फिरला, तो मध्य प्रदेशातला, साथीच्या आधीचा, फेब्रुवारीतला निघाला. बदनामीच्या भीतीने माणूस तपासणीला येत नाही आणि मग रोग खरंच पसरतो.

ग्रुपवर कोणी खोटं टाकलं तर अ‍ॅडमिनला पकडतात का?

१ मार्च २०२१ ला उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने गोंदियाच्या एका प्रकरणात सांगितलं की सदस्याने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुराला अ‍ॅडमिन आपोआप जबाबदार ठरत नाही, त्याचा त्यात हात असल्याचं दिसलं तर गोष्ट वेगळी. टाकणाऱ्याला मात्र सूट नाही. आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ च्या कलम ५४ नुसार आपत्तीबद्दल घबराट पसरवणारी खोटी सूचना दिल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. चमत्कारी इलाजाच्या जाहिराती करणाऱ्यांसाठी १९५४ चा कायदा आहे, तो फार कमी वेळा कपाटातून बाहेर निघतो.

सासरे रोज असे मेसेज टाकतात. त्यांना कसं सांगू?

हा प्रश्न सुनांनी आणि जावयांनी सारख्याच प्रमाणात विचारला आहे. ग्रुपवर उत्तर देऊ नका, चारचौघांत खोटं पाडलेला म्हातारा माणूस दुसऱ्या दिवशी दुप्पट मेसेज टाकतो. चहा देताना, एकट्यात विचारा: "बाबा, हे तुम्हाला कोणी पाठवलं? आपण डॉक्टरांना दाखवायचं का?" त्यांच्या काळजीला आधी हो म्हणा. खोट्याच्या जागी काहीतरी हातात द्या. "काढा बंद करा" म्हटलं की भांडण होतं. "काढा घ्या, पण बीपीची गोळी चुकवू नका" म्हटलं की गोळी घेतली जाते. आमच्याकडे एका सूनबाईने सासऱ्यांनाच घरातला कूलर तपासायचं खातं दिलं. आता ते गल्लीतल्या सगळ्यांचे कूलर तपासतात आणि लोक मला येऊन तक्रार करतात.

मीच चुकीचा मेसेज पुढे पाठवला. आता काय?

मेसेज नुसता डिलीट करू नका. ज्यांनी वाचला त्यांच्या डोक्यातून तो जात नाही. जिथे टाकला तिथेच लिहा: "मी परवा टाकलेलं चुकीचं होतं, बरोबर असं आहे." दोन ओळी पुरतात. चुकीची गोष्ट पुन्हा सविस्तर लिहू नका, बरोबर तेवढंच लिहा. लाज वाटते, मान्य. २०२१ च्या जूनमध्ये मी दुकानाच्या काचेवर कागद चिकटवला होता: "कापराने ऑक्सिजन वाढत नाही. आम्ही विकला, चूक झाली. ९४ च्या खाली गेलात तर दवाखान्यात जा." पावसाने शाई उतरली, पण कागद दिवाळीपर्यंत तिथेच होता. कापूर अजून मिळतो, देवघराच्या सामानात, उदबत्तीच्या बाजूला.